रौप्य नाण्यांचे धातुमान आणि कौटिल्याचे अकरा माष

वर्धा जिल्ह्यातील देवळी येथे सापडलेला राष्ट्रकूट नृपती तृतीय कृष्ण याचा शके ८६२ चा ताम्रपट डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी वाचून प्रसिद्ध केला, त्यास शतकाहून अधिक काळ लोटला. जांब आणि बेलोरा येथील वाकाटक ताम्रपटांना म. म. वासुदेव विष्णु मिराशी यांनी आपल्या १९६३ च्या वाकाटक-लेखसंग्रहात स्थान दिले. धाम नदीच्या काठचे पवनार हेच द्वितीय प्रवरसेनाचे प्रवरपूर होय, हे मतही त्यांचेच. पुढे १९६७ साली शां. भा. देव व म. के. ढवळीकर यांनी नागपूर विद्यापीठाच्या वतीने तेथे उत्खनन केले. तात्पर्य, या जिल्ह्यातील तांब्यावर कोरलेल्या अक्षरांची हेळसांड झाली, असे कोणास म्हणता येणार नाही. एकेका मात्रेवरून येथे वाद झडले आहेत. परंतु याच नद्यांच्या काठी शेतात, घराच्या पायात किंवा सोनाराच्या पेढीवर जी जुनी रौप्य नाणी अधूनमधून दृष्टीस पडतात, त्यांवरील चिन्हे मात्र आम्ही मोजतो आणि ती ज्या रुप्यावर ठोकली आहेत ते रुपे कितपत खरे, हा प्रश्न सोनाराकडे सोपवून मोकळे होतो. प्रस्तुत लेखकाने स्वतः हेच केले होते. त्यातून एक चुकीचे विधान त्याच्या हातून घडले, ते येथे मागे घ्यावयाचे आहे.

सुमारे पस्तीस वर्षांपूर्वी आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनी आर्वीकडील एका सोनाराकडून चार आहत नाणी विकत घेतली. नाणी कोठे सापडली हे विचारता सोनाराने नदीच्या दिशेने हात केला, एवढीच त्यांची हकीकत. वर्धा नदीच्या पलीकडच्या तीरावर कौंडिण्यपूर आहे, तेव्हा आमच्या मनाने लगेच रुक्मिणीच्या माहेरापर्यंत धाव घेतली, हे वेगळे सांगावयास नको. ती नाणी घेऊन आम्ही दुसऱ्या एका वृद्ध सोनाराकडे गेलो. त्याने नाण्याची कड कसोटीच्या दगडावर ओढली, शेजारी आपल्या माहितीच्या रुप्याची रेघ ओढली, दोन्ही ओल्या करून उजेडात धरल्या आणि म्हणाला, "अकरा आण्यांच्या वर जात नाही, गुरुजी."

अकरा आणे, म्हणजे सोळांत अकरा. संस्कृत शिकविण्यात आयुष्य घालविलेल्या मनुष्यास हा आकडा ऐकून काय वाटले असेल, याची कल्पना अर्थशास्त्र वाचलेल्या वाचकांस सहज येईल. कौटिल्याने आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या अधिकरणात, खाणींविषयीच्या अध्यायात, टांकसाळीच्या अधिकाऱ्याचे म्हणजे लक्षणाध्यक्षाचे काम सांगितले आहे. रुप्याच्या पणात चौथा भाग तांबे घालावे, आणि तीक्ष्ण म्हणजे पोलादी लोखंड, त्रपु म्हणजे कथील, शिसे व अंजन यांपैकी कोणत्या तरी एकाचा एक माष बीज म्हणून मिळवावा, असा तो नियम आहे. पण सोळा माषांचा धरला, म्हणजे तांबे चार माष, बीज एक माष आणि उरलेले रुपे अकरा माष. हाच अर्थ परंपरेने घेतला जातो व आम्हांसही तोच ग्राह्य वाटतो. त्या सोनाराने कौटिल्याचे नावही ऐकले नसावे. त्याच्या दगडाने कौटिल्याची साक्ष दिली, असे आम्ही त्याच वर्षी एका व्याख्यानात मोठ्या उत्साहाने सांगितले. श्रोत्यांनी टाळ्या वाजविल्या. आमच्याच शाळेतील रसायनशास्त्राचे शिक्षक मात्र सभा संपल्यावर जवळ येऊन एवढेच म्हणाले की, "पाण्यात तोलून पाहिले काय?"

तो प्रश्न आम्हांस त्या वेळी अरसिकपणाचा वाटला. आज तोच महत्त्वाचा वाटतो. कसोटीचा दगड सोन्याला जितका विश्वासू, तितका रुप्याला नाही, ही गोष्ट कोणताही जाणता सराफ कबूल करील. दगडावरील रेघेत दिसतो तो रंग. तांब्याने रुप्यात पिवळसर झाक येते, ती डोळ्यांस कळते. परंतु शिसे आणि कथील दोन्ही पांढरी. त्यांनी रुप्याची जागा घेतली तर रेघ फारशी बदलत नाही. म्हणजे कौटिल्याच्या नियमातील जो एक माष सर्वांत चमत्कारिक व म्हणून सर्वांत बोलका, तो दगडाला दिसतच नाही. आपल्या भाषेतील 'हिणकस' हा शब्द हीन आणि कस या दोहोंच्या संयोगाने झाला आहे. कस म्हणजे कष, अर्थात घासणे. शब्दातच परीक्षेची पद्धत सांगितलेली आहे, आणि त्या पद्धतीची मर्यादाही.

आता पाण्यात तोलण्याविषयी. शुद्ध रुप्याचे विशिष्ट गुरुत्व १०.४९, तांब्याचे ८.९६, शिशाचे ११.३४ आणि कथलाचे सुमारे ७.३. नाणे प्रथम हवेत तोलावे, नंतर बारीक धाग्याने पाण्यात सोडून तोलावे. वजनात जी घट येते तिने हवेतील वजनास भागले म्हणजे नाण्याचे विशिष्ट गुरुत्व निघते. मिश्रणात केवळ रुपे व तांबे आहे असे धरले, तर त्यावरून रुप्याचे प्रमाण काढता येते. या रीतीत नाण्यास ओरखडाही पडत नाही आणि संपूर्ण नाण्याची, पोटासकट, परीक्षा होते, हा तिचा मोठा गुण.

रसायनाच्या त्या शिक्षकांसह आम्ही शाळेच्या प्रयोगशाळेतील तराजूवर हा प्रयोग केला. एकच नाणे तीन वेळा तोलले आणि तीन निरनिराळी उत्तरे आली. दोष तराजूचा नव्हता, आमच्या अपेक्षेचा होता. आहत नाण्याचे मूळ वजन बत्तीस रत्ती, आजच्या मापाने साडेतीन ग्रॅमच्या आतबाहेर. समजा, झिजलेले नाणे ३.३० ग्रॅमचे आहे. पाण्यात त्याची घट ०.३३ ग्रॅम आली तर विशिष्ट गुरुत्व १०.०० व रुपे शेकडा ७१ येते. घट ०.३२ ग्रॅम आली तर विशिष्ट गुरुत्व १०.३१ आणि रुपे शेकडा ९० येते! एका ग्रॅमच्या शंभराव्या हिश्शाची चूक, आणि हीण असलेले नाणे जवळजवळ चोख ठरते. नाण्याच्या खळग्यात हवेचा एक बुडबुडा चिकटून राहिला तरी एवढी चूक होते. म्हणून ही परीक्षा करावयाची तर मिलिग्रॅमपर्यंत वजन दाखविणारा तराजू, उकळून थंड केलेले पाणी आणि पुष्कळ धीर हवा.

तराजू उत्तम असला तरी दुसरी अडचण उरतेच, आणि ती आम्हांस अधिक मनोवेधक वाटते. कौटिल्याच्या नियमाबरहुकूम पाडलेली दोन नाणी कल्पनेत घेऊ. दोहोंत रुपे अकरा माष, म्हणजे शेकडा ६९ च्या किंचित आत, आणि तांबे चार माष. पहिल्यात सोळावा माष शिशाचा, दुसऱ्यात कथलाचा. गणिताने पहिल्याचे विशिष्ट गुरुत्व १०.११ येते, दुसऱ्याचे ९.८०. आता परीक्षकास शिसे व कथील यांची वार्ता नाही, त्याने दोन्ही नाणी रुपे-तांब्याचीच मानली. तो पहिल्यात रुपे शेकडा ७८ सांगेल, दुसऱ्यात ५९. एकाच टांकसाळीत, एकाच नियमाने, एकाच दिवशी पडलेली ही दोन नाणी तो दोन राजांची ठरवील, आणि मधल्या काळात राज्याचा खजिना कसा रिता झाला यावर एक प्रकरणही लिहील. आम्ही हे थट्टेने लिहितो असे कोणी समजू नये. नाण्यांतील हिणावरून राज्यांच्या उतरत्या कळेची अनुमाने आपल्याकडे पुष्कळ निघाली आहेत.

यास्तव आज ज्या परीक्षेवर सर्वांची भिस्त आहे तिच्याकडे वळू. नाण्यावर क्ष-किरण सोडावे, म्हणजे त्यातील प्रत्येक धातू आपापल्या ठरावीक शक्तीचे दुय्यम किरण परत पाठवितो, आणि त्यांच्या तीव्रतेवरून कोणता धातू किती हे यंत्र सांगते. या परीक्षेत नाणे फोडावे लागत नाही, गाळावे लागत नाही, काही क्षणांत उत्तर मिळते. भुवनेश्वर येथील भौतिकी संस्थेत आहत रौप्य नाण्यांचा या मार्गाने अभ्यास झाला असून त्याचा वृत्तांत २००४ साली प्रसिद्ध झाला आहे. आता तर हातात धरावयाची यंत्रे निघाली असून मोठ्या शहरांतील पेढ्यांवरही ती दिसतात. शिसे, कथील, सोन्याचा अंश, सर्व काही ते यंत्र निरनिराळे दाखविते. दगडाचा व पाण्याचा जो दोष वर सांगितला, तो येथे नाही.

परंतु हे किरण खोल जात नाहीत. रुप्याच्या नाण्यातून परत येणारी वार्ता केसाच्या जाडीएवढ्या किंवा त्याहूनही पातळ थरातली असते. आता आहत नाणे कसे होत असे ते आठवावे. धातूचा पत्रा ठोकून त्याचे तुकडे कापीत, वजन जुळविण्यासाठी कोपरे छाटीत, तुकडे तापवून मऊ करीत आणि मग एकेक चिन्ह ठशाने उमटवीत. तापविताना पृष्ठावरचे तांबे जळून काळे पडते. ते काळे आंबट द्रवात टाकून काढले म्हणजे वर पांढरेशुभ्र रुपे राहते. आजही सोनार दागिना उजळतो तो याच न्यायाने. म्हणजे नाणे टांकसाळीतून बाहेर पडतानाच त्याच्या अंगावर पोटातल्यापेक्षा चांगल्या रुप्याची कातडी असते. पुढे ते दोन हजार वर्षे ओल्या मातीत पडते. मातीतील क्षार तांबे आधी खातात, रुपे मागाहून. कातडी आणखी श्रीमंत होते. शेवटी ते शेतकऱ्याच्या किंवा, क्षमा असावी, संग्राहकाच्या हाती पडते आणि तो चिंचेच्या कोळात घालून ते घासतो. अशा नाण्यावर यंत्र लावून शेकडा ९० रुपे आले, तर ती कातडीची साक्ष झाली.

हस्तलिखितांच्या संग्राहकांस हा प्रकार नवा वाटू नये. एखाद्या पोथीची शुद्ध, सुवाच्य, एकाही खाडाखोडीवाचूनची नकल हाती आली की जाणता संशोधक हर्षित न होता साशंक होतो. मधल्या लेखकाने पाठ सुधारले तर नाहीत ना, ही शंका त्यास येते. रौप्य नाण्याचे पृष्ठ ही अशीच सुधारलेली नकल आहे. मूळ पाठ आत आहे.

याच विचाराने आमच्या अकरा आण्यांचा निकाल लागतो. सोनाराने नाण्याची कड दगडावर ओढली तेव्हा दगडावर आली ती कातडी. ती कातडी अकरा आण्यांची असेल तर पोट त्याहून हलके असले पाहिजे. कौटिल्याशी जुळला तो आकडा नाण्याचा नव्हताच. इतकेच नव्हे, त्या सोनाराने आमच्या आग्रहावरून एका नाण्याच्या काठावर कानस मारली होती. आत पिवळसर झाक दिसली, आणि तो "आत हलकं आहे" असे पुटपुटलाही होता. आम्हांस हवा होता तो आकडा तोवर मिळाला होता, म्हणून आम्ही तिकडे लक्ष दिले नाही. याज्ञवल्क्याने व्यवहाराध्यायात नाणकपरीक्षकास, म्हणजे नाण्यांच्या पारख्यास, खोट्यास खरे किंवा खऱ्यास खोटे म्हटल्यास उत्तमसाहस दंड सांगितला आहे. आपला 'नाणे' हा शब्द त्याच 'नाणका'चा वंशज. स्मृतिकाराच्या न्यायासनापुढे आम्हांस उभे केले असते तर दंड चुकला नसता.

मग कौटिल्याचा नियम नाण्यांवर पडताळून पाहावयाचा तरी कसा? आजवर प्रसिद्ध झालेल्या पृथक्करणांत रुप्याचे प्रमाण नाण्यागणिक बदलते. मुख्य हीण तांब्याचे आणि शिसे थोडे, एवढे मात्र सामान्यतः दिसते. केवळ रुप्याच्या शेकडेवारीवरून नियम सिद्धही होत नाही आणि असिद्धही होत नाही. आमच्या मते सगळे लक्ष सोळाव्या माषावर ठेवले पाहिजे. त्याचे कारण असे. प्राचीन काळी रुपे बहुतांशी शिशाच्या खनिजातून काढीत. राजस्थानातील दरीबा, आगुचा आणि जावर येथील खाणी ख्रिस्तपूर्व काळात चालू होत्या, हे १९८० नंतर ब्रिटिश म्युझियम, हिंदुस्थान झिंक व बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ यांच्या संयुक्त शोधाने स्पष्ट झाले आहे. विदर्भात रुप्याच्या अशा खाणी नाहीत. येथील रुपे व्यापाराने आलेले असले पाहिजे. शिशातून रुपे वेगळे करताना थोडे शिसे मागे राहतेच. शिवाय अशुद्ध रुपे चौथा हिस्सा शिसे घालून शोधावे, असे कौटिल्य स्वतःच पुढील अध्यायात सांगतो. म्हणून नाण्यात शेकडा अर्धा किंवा एक भाग शिसे सापडले तर ती शोधनाची राहिलेली खूण समजावी. त्यावरून बीज घातले होते असे म्हणता येणार नाही. सोळावा हिस्सा म्हणजे शेकडा सव्वासहा. एवढे शिसे किंवा कथील एकाच निधीतील पुष्कळ नाण्यांच्या पोटात सातत्याने आढळले, तरच टांकसाळीने ते समजूनउमजून घातले, असे म्हणावे.

येथे आणखी दोन शंका नोंदवितो. कौटिल्याने सांगितलेल्या चार बीजांत लोखंड आहे. परंतु वितळलेल्या रुप्यात लोखंड मुळी विरघळतच नाही, असे म्हटले तरी चालेल. तांब्याच्या संगतीने थोडेसे शिरेल तेवढेच, बाकीचे मुशीत मळी होऊन वर येईल. तेव्हा एक माष तीक्ष्ण मिळवावे हे वचन अक्षरशः पाळणे कोणत्याही टांकसाळीस कठीण गेले असते. सूत्रकाराने कारागिरांकडून ऐकलेली यादी तशीच उतरून घेतली की काय, असा संशय येतो. दुसरे, 'अंजन' या शब्दाने नेमका कोणता पदार्थ घ्यावा? अँटिमनीचे खनिज, असे पुष्कळांनी म्हटले आहे. परंतु आपल्याकडे सुरमा म्हणून जे विकले जाते ते पुष्कळदा शिसे व गंधक यांचे खनिज असते. जुन्या अंजनाची जातही हीच असेल, तर चार बीजांपैकी दोन शिशाचीच ठरतात. तसेच शिसे अधिक झाले की मिश्रण ठोकताना तडकते, आणि थंड होताना ते एकजीव न राहता बारीक थेंबांच्या रूपाने वेगळे पडते. पत्रा ठोकून नाणे करणाऱ्या कारागिरास ते नकोसेच वाटले असेल. आमचा कल या वचनास टांकसाळीचा आदर्श नियम मानण्याकडे आहे. घडलेल्या नाण्यांचे वर्णन म्हणून ते घेता येईल असे आम्हांस वाटत नाही. परंतु हा कल आहे, निर्णय नव्हे. पूर्वीच्या अनुभवाने आम्ही शहाणे झालो आहोत.

धातूच्या बाबतीत महाराष्ट्राने जे काम केले त्यात दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत असता त्यांनी १९४० च्या सुमारास तक्षशिलेच्या भीर टेकडीवरील निधीचा अभ्यास केला. १९२४ साली सापडलेल्या या निधीत एक हजारांहून अधिक आहत नाणी होती, आणि त्यांबरोबर अलेक्झांडरची दोन व त्याच्या मागून गादीवर आलेल्या फिलिपचे एक अशी जवळजवळ न झिजलेली नाणी होती. त्यामुळे निधीचा काळ निश्चित झाला. कोसंबींनी नाण्यांच्या मागील अंगावरील लहान लहान खुणा मोजल्या आणि वजने लावली. तेव्हा जसजशा खुणा वाढत जातात तसतसे सरासरी वजन घटत जाते, असे दिसून आले. म्हणजे त्या खुणा वेळोवेळी नाणी तपासणाऱ्या पारख्यांच्या. चालू नाणी किती वर्षांत किती झिजतात हे पाहण्यासाठी त्यांनी आपल्या काळची प्रचारातील नाणीही हजारोंनी तोलली. मौर्यकालीन नाण्यांत तांबे पुष्कळ वाढले आहे आणि वजनांत एकसारखेपणा कमी झाला आहे, हेही त्यांनी दाखविले. या सर्वांस लागले काय, तर एक चांगला तराजू. त्यांचे वडील धर्मानंद कोसंबी यांनी ज्या विसुद्धिमग्गाची आवृत्ती सिद्ध केली, त्याच ग्रंथात नाण्यांच्या राशीचा एक दृष्टांत आहे. मुलास नाण्यांवरील नक्षी तेवढी दिसते, खेडुतास त्यांनी व्यवहार होतो हे कळते, आणि हेरञ्ञिक म्हणजे सराफ मात्र पाहून, नाद ऐकून, हुंगून, चाखून, हातात तोलून खरे कोणते, खोटे कोणते व कोणत्या गावच्या कोणत्या कारागिराचे, हे सांगतो. पित्याच्या पोथीतील सराफ पुत्राच्या तराजूत अवतरला, असे आम्हांस नेहमी वाटते.

परंतु धातूवरून काय सांगता येते याबरोबर काय सांगता येत नाही, तेही ध्यानात ठेवले पाहिजे. नाशिकजवळील जोगलटेंभी येथे १९०६ साली सापडलेला निधी वाचकांस विदित आहे. रेव्हरंड स्कॉट यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. सुमारे १३,२५० रौप्य नाणी, सर्व क्षहरात नहपानाची, आणि त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटविलेला. गौतमीपुत्राने शत्रूचे नाणे गाळले नाही, त्याच्याच तोंडावर आपली मुद्रा मारली. आता अशा नाण्याचे पृथक्करण करून त्याचा आकडा 'सातवाहन' या सदरात मांडला, तर ते शुद्ध अज्ञान होय. रुपे नहपानाचे, मुद्रा गौतमीपुत्राची. आणि नहपानाचे रुपे तरी कोठले? त्या काळी रोमचे रौप्य नाणे पश्चिम किनाऱ्यावर येत असे. ते गाळून क्षत्रपांनी आपली नाणी पाडली, असा तर्क विद्वानांनी केला आहे. रुप्यातील सोने व बिस्मथ यांच्या सूक्ष्म अंशांवरून तो पडताळण्याचे प्रयत्नही झाले आहेत. नाशिकच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याने सत्तर हजार कार्षापणांचे दान नोंदवून पस्तीस कार्षापणांस एक सुवर्ण असा हिशेब दिला आहे. रुप्याचा भाव इतक्या स्पष्टपणे सांगणारा दुसरा लेख त्या काळी विरळा. त्या कार्षापणात रुपे नेमके किती हे कळल्यावाचून या भावाचा अर्थ लागत नाही. परंतु एकदा गाळलेले रुपे दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा गाळले गेले की दहा खाणींचे अंश एका मुशीत मिसळतात, आणि खाणीची खूण पुसट होत जाते. तेथे यंत्र कितीही सूक्ष्म असले तरी उत्तर अंदाजाचेच येणार.

विदर्भातील संग्राहकांसाठी एक सूचना ओघाने येते. सातवाहनांचे येथील चलन मुख्यत्वे पोटिनचे, म्हणजे तांबे, कथील व शिसे यांच्या मिश्रणाचे होते. १९३९ साली तऱ्हाळा येथे सापडलेल्या सुमारे १६०० नाण्यांचा निधी, जो मिराशींनी प्रसिद्ध केला, तो याच धातूचा. कथील अधिक असलेले असे नाणे घासल्यावर पांढरे दिसते आणि हिणकस रुपे म्हणून विकले जाते. पवनारकडील वाकाटक नाणी म्हणून जी ओळखली गेली आहेत तीही तांब्याची आहेत, हे लक्षात असू द्यावे.

आता आमची विनंती. ज्यांच्या संग्रही आहत किंवा क्षत्रप रौप्य नाणी आहेत त्यांनी ती चिंच, लिंबू, रिठा वा तेजाब यांपैकी कशानेही धुऊ नयेत. वर चिकटलेली माती व हिरवट थर हाही पुरावाच आहे. धुण्यापूर्वी हवेत व पाण्यात दोन्ही वजने मिलिग्रॅमपर्यंत घेऊन लिहून ठेवावी. यंत्राने परीक्षा करविल्यास दोन्ही अंगांचे निरनिराळे आकडे मागून घ्यावे, आणि त्यात शिसे, कथील, सोने यांचे आकडेही असावेत, केवळ 'चांदी इतके टक्के' एवढे उत्तर पुरेसे समजू नये. यंत्राचा आकडा आणि पाण्याचा आकडा जुळला नाही तर निराश होऊ नये. त्या दोहोंतील अंतर हेच कातडी किती श्रीमंत झाली याचे माप आहे, आणि दोहोंपैकी कोणता आकडा छापावयाचा यापेक्षा दोन्ही छापणे बरे. नाणे जुनाच तुटलेला तुकडा असेल तर तो टाकून देऊ नये, कारण तुटलेल्या कडेवर पोट उघडे असते आणि पृथक्करणास तीच जागा उत्तम. आणि कोठे सापडले ते गाव, शेत, बरोबर निघालेले मडके, यांची नोंद त्याच दिवशी करावी. निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस कळविणे १८७८ च्या कायद्याने आवश्यकच आहे, पण सोनाराच्या मुशीत गेलेल्या निधीस कोणताच कायदा परत आणू शकत नाही.

वर सांगितलेली चार नाणी ज्या गृहस्थांची होती ते आता हयात नाहीत. त्यांच्या चिरंजीवांनी ती आम्हांस पाहावयास दिली आहेत. कानशीची खाच असलेले नाणे त्यांत आहे, आणि तिच्यातील पिवळसर झाक आता किंचित मळली आहे. पुढील परीक्षा त्या खाचेतच व्हावी, अशी चिठ्ठी आम्ही त्या नाण्याच्या पाकिटात घालून ठेवली आहे.